मिलिंग मशीन सीएनसी करताना स्टेपर मोटर आणि ड्रायव्हर कसे निवडावेत

बाजारात स्टेपर मोटर (ठरावीक छोट्या पावलांनी, म्हणजे स्टेपने फिरणारी मोटर) किलोवर ओळखली जाते: दहा किलोची, एकोणीस किलोची, अठ्ठावीस किलोची. हे किलो म्हणजे किलो-सेंटीमीटरमधला होल्डिंग टॉर्क. १ न्यूटन-मीटर म्हणजे साधारण १०.२ किलो-सेंटीमीटर. हा आकडा मोटर जागेवर उभी असताना, दोन्ही कॉइलमध्ये पूर्ण करंट असताना मोजतात. मिलिंग मशीनचं टेबल मात्र मिनिटाला तीन मीटर वेगाने पळवायचं असतं, आणि त्या वेगाला मोटरकडे लेबलवरचा टॉर्क राहिलेला नसतो. किती राहतो, ते मोटरचं इंडक्टन्स (करंट बदलायला कॉइलचा होणारा विरोध) आणि ड्रायव्हरला (मोटरच्या कॉइलना करंट देणाऱ्या सर्किटला) दिलेलं व्होल्टेज ठरवतं.

म्हणून क्रम असा ठेवा: आधी स्क्रू, मग त्यावरचा भार, मग हवा असलेला वेग, मग मोटर आणि शेवटी ड्रायव्हर व पॉवर सप्लाय. मोटर आधी घेतली की ड्रायव्हर तिच्यामागे फरफटतो, ड्रायव्हरमागे सप्लाय, आणि खर्च करूनही टेबल रेंगाळतंच.

पुढची सगळी गणितं एका नेहमीच्या टेबलटॉप मशीनची आहेत: एक हॉर्सपॉवरचा स्पिंडल, डव्हटेल स्लाइड, टेबल, वाइस आणि जॉब मिळून ६० किलो, आणि १६ मिमी व्यासाचा, ५ मिमी लीडचा (लीड म्हणजे स्क्रूच्या एका फेरीत टेबल सरकतं ते अंतर) बॉलस्क्रू (नटमध्ये गोळ्या असलेला स्क्रू), म्हणजे बाजारातला १६०५. तुमचं मशीन वेगळं असेल तर आकडे बदला, पद्धत तीच राहील.

स्क्रू आणि भार

टॉर्कचं सूत्र सोपं आहे. एकूण बल न्यूटनमध्ये घ्या, त्याला स्क्रूच्या लीडने (मीटरमध्ये) गुणा आणि ६.२८ गुणिले स्क्रूची कार्यक्षमता याने भागा. बॉलस्क्रूची कार्यक्षमता ०.९ धरा, मशीनवर मुळात असलेल्या ट्रॅपेझॉइडल लीड स्क्रूची ०.३ च्या आसपास.

बल कुठून येतं? ६० किलोचं वजन म्हणजे ५९० न्यूटन. डव्हटेलवर तेल असताना घर्षणाचा गुणांक ०.२ धरला तर ११८ न्यूटन. जिब (स्लाइडमधला ढिलेपणा काढणारी पट्टी) नीट आवळलेली असली की तिचीही ओढ असते, म्हणून एकूण घर्षण २०० धरू. माइल्ड स्टीलमध्ये १० मिमीच्या एंडमिलने या आकाराच्या मशीनला झेपेल असा कट घेताना ५०० न्यूटन धरायला हरकत नाही. बेरीज ७०० न्यूटन. बॉलस्क्रूवर याचे होतात ०.६२ न्यूटन-मीटर. दुपटीची राखीव ठेवली की १.२५.

हा टॉर्क कट घेताना लागतो, आणि कट हळूच असतो: मिनिटाला ३०० मिमी फीड म्हणजे ५ मिमी लीडवर फक्त ६० आरपीएम. रॅपिडमध्ये, म्हणजे टेबल नुसतं वेगाने पळवताना, कट नसतो, उरतं ते घर्षण: ०.१८ न्यूटन-मीटर. वेग वाढवतानाचा जादा भार लोकांना वाटतो तेवढा नसतो. ३०० मिमी प्रति सेकंद वर्ग या अ‍ॅक्सिलरेशनला टेबल, स्क्रू आणि रोटर मिळून ०.०५ च्या आतच बसतात. म्हणजे एक्स आणि वाय अक्षाला हवी ती मोटर अशी: ६० आरपीएमला किमान १.२५ न्यूटन-मीटर आणि ६०० आरपीएमला किमान ०.४५. दुकानात विचारायचे आकडे हे दोन. होल्डिंग टॉर्क त्यानंतर.

मूळचा लीड स्क्रूच ठेवायचा असेल तर दोन्हीकडून मार बसतो. २.५ मिमी पिचच्या स्क्रूवर तेच ७०० न्यूटन ओढायला ०.९३ न्यूटन-मीटर लागतात. शिवाय तीन मीटर प्रति मिनिट गाठायला स्क्रू १२०० आरपीएमने फिरवावा लागतो, आणि तिथे स्टेपर थकलेली असते. वर नटमधला ०.१ ते ०.३ मिमी प्ले. क्लाइम्ब कटमध्ये (कटरचे दात फीडच्याच दिशेने फिरतात तेव्हा) कटर टेबलाला तेवढं स्वतःकडे खेचतो आणि दात तुटतो. पैसे मर्यादित असतील तर भारी ड्रायव्हरपेक्षा बॉलस्क्रूवर आधी खर्च करा. सी७ ग्रेडचा रोल्ड स्क्रू ३०० मिमीत ०.०५ मिमीची हमी देतो, आणि हौशी कामाला तेवढं पुरतं.

झेड अक्षाचा हिशेब वेगळा मांडा. हेड ४० किलोचं असेल तर ३९२ न्यूटन सतत खाली ओढत असतात आणि वर जाताना त्यात जिबचं घर्षण मिळतं. ड्रिलिंगमध्ये १० मिमीच्या बिटचा जोर स्टीलमध्ये हजार न्यूटनच्या पुढे सहज जातो, मात्र तेव्हा हेडचं वजन मदतीला असतं. १००० न्यूटन धरून ०.८८, दुपटीने १.७६ न्यूटन-मीटर. म्हणून झेडला एक माप वरची मोटर लावतात, किंवा तीच मोटर २:१ टायमिंग बेल्टने.

इथे एक धोका आहे आणि तो गंभीर आहे. लीड स्क्रू स्वतःच अडून राहतो, बॉलस्क्रू राहत नाही. वीज गेली की ४० किलोचं हेड स्क्रूला उलट फिरवायला लागतं. घर्षण वजा जाता उरलेले २४० न्यूटन स्क्रूवर ०.१७ न्यूटन-मीटर देतात, आणि वीज नसताना ७६ मिमी लांबीच्या मोटरचा स्वतःचा अडथळा जेमतेम ०.०७ असतो. हेड खाली येतं, कटर जॉबमध्ये रुततो, आणि हात मध्ये असेल तर हातावर येतं. गॅस स्प्रिंग, काउंटरवेट किंवा ब्रेक असलेली मोटर, यांपैकी एक उपाय झेडला बॉलस्क्रू बसवण्याआधीच ठरवून ठेवा.

मोटर: लेबल कसं वाचायचं

मापांची ओळख पटकन. नेमा हे मोटरच्या चेहऱ्याच्या मापाचं मानक. नेमा १७ चा चेहरा ४२ मिमी, नेमा २३ चा ५७, नेमा ३४ चा ८६. नेमा १७ थ्रीडी प्रिंटरसाठी ठीक, मिलिंगला नाही. नेमा २३ मध्ये भोकांमधलं अंतर ४७.१४ मिमी आणि मधला उंचवटा ३८.१ मिमी. मोटर प्लेटमध्ये हा उंचवटा नीट बसेल असं बोअर करा, बोल्टच्या भरवशावर सेंटर साधू नका. ५६ मिमी लांबीची नेमा २३ साधारण १.२ न्यूटन-मीटर देते, ७६ मिमीची १.९ च्या आसपास, ११२ मिमीची ३ च्या आसपास. आपल्या मशीनला एक्स-वायसाठी ७६ मिमी आणि झेडसाठी ११२ मिमी हा मेळ बसतो.

आता इंडक्टन्स. मोटर १.८ अंशाची, म्हणजे एका फेरीत २०० पूर्ण स्टेप. ६०० आरपीएमला सेकंदाला १० फेऱ्या, म्हणजे २००० स्टेप. एका स्टेपला वेळ मिळतो ०.५ मिलिसेकंद. तेवढ्यात कॉइलमधला करंट शून्यापासून कमाल मूल्यापर्यंत चढला पाहिजे. चढायला लागणारा वेळ म्हणजे इंडक्टन्स गुणिले करंट भागिले व्होल्टेज. २.५ मिलिहेन्री आणि ४ अँपिअरची मोटर २४ व्होल्टवर ०.४२ मिलिसेकंद घेते, म्हणजे जवळजवळ सगळा वेळ करंट चढवण्यातच जातो. ४८ व्होल्टवर तीच ०.२१ घेते आणि उरलेला वेळ काम करते. ८ मिलिहेन्रीची मोटर त्याच करंटला ४८ व्होल्टवरही ०.६७ मिलिसेकंद मागते. तिला ६०० आरपीएमला पूर्ण करंट कधीच मिळत नाही. शिवाय फिरती मोटर स्वतःच उलट व्होल्टेज तयार करते, ते या हिशेबात धरलेलं नाही. प्रत्यक्षातली स्थिती याहून कडक असते.

म्हणून एकोणीस किलोच्या दोन मोटरी शेजारी ठेवल्या आणि एक २.५ मिलिहेन्री, दुसरी ८ निघाली, तर पहिली घ्या. डोळे मिटून.

नेमा ३४ चा मोह इथेच घात करतो. आकडा मोठा दिसतो, पण तिला ७०-८० व्होल्टचा ड्रायव्हर लागतो. ती ४८ व्होल्टवर चालवली तर तीनशे आरपीएमच्या पुढे अनेकदा बऱ्या नेमा २३ च्याही मागे पडते, आणि तिचा जड रोटर वेग पकडायला वेळ लावतो. मोठं, कास्ट आयर्नचं, तीन-चारशे किलोचं मशीन असेल तरच नेमा ३४, आणि तेव्हा ड्रायव्हर डीएम८६० वर्गातला.

लेबलवरचं व्होल्टेज पाहून गोंधळू नका. तिथे ३.२ व्होल्ट लिहिलेलं असेल तर तो फक्त रेटेड करंट आणि कॉइलचा रेझिस्टन्स यांचा गुणाकार आहे. ड्रायव्हर करंट आवरून धरतो, त्यामुळे ४८ व्होल्ट देण्यात गैर काही नाही. उलट लेबलवर १२ किंवा २४ व्होल्ट आणि अर्धा-पाऊण अँपिअर असेल, तर ती बारीक तारेची, जास्त इंडक्टन्सची जुनी मोटर. भंगारात फोटोकॉपी मशीनमधून निघालेल्या मोटरी बहुधा अशाच असतात. मल्टिमीटर सोबत न्या: कॉइलचा रेझिस्टन्स अर्धा ते दीड ओहमच्या दरम्यान असावा. एलसीआर मीटर मिळाला तर इंडक्टन्सही तिथेच मोजा.

चार तारांची मोटर सरळ. आठ तारांची असेल तर कॉइल पॅरलल जोडा. सिरीजमध्ये इंडक्टन्स चौपट होतं आणि वेग मेला. सहा तारांची शक्यतो टाळा. तारांच्या रंगावर विसंबू नका: कोणत्याही दोन तारा एकमेकींना टेकवा आणि शाफ्ट हाताने फिरवा. अडखळून जड फिरला तर ती एक कॉइल.

ड्रायव्हर

किती व्होल्ट द्यावेत याचं गेकोड्राइव्ह कंपनीने रूढ केलेलं सूत्र आजही उपयोगी आहे: मिलिहेन्रीमधल्या इंडक्टन्सचं वर्गमूळ गुणिले ३२. २.५ मिलिहेन्रीला ५० व्होल्ट, ८ ला ९०. ही वरची मर्यादा. त्यापुढे टॉर्क फारसा वाढत नाही, मोटर तापते.

त्यावरून ड्रायव्हर आपोआप ठरतो. २.५ ते ३.५ मिलिहेन्रीच्या नेमा २३ साठी डीएम५४२ (४.२ अँपिअर) किंवा डीएम५५६ (५.६ अँपिअर). दोन्ही २० ते ५० व्होल्टचे. मात्र थेट ५० देऊ नका. टेबल झटकन थांबताना मोटर जनरेटर बनते, व्होल्टेज सप्लायकडे उलटं ढकलते आणि ड्रायव्हर उडतो. ४४-४५ व्होल्टवर थांबा.

टीबी६६०० स्वस्त आहे आणि सगळीकडे मिळतो, पण मिलिंगला तो घेऊ नये असंच आमचं मत. कमाल ४२ व्होल्ट म्हणतात, पण त्या मर्यादेजवळ तो टिकत नाही. त्या नावाच्या डब्यात अनेकदा निराळीच चिप असते, आणि अ‍ॅनालॉग असल्याने मधल्या वेगाला मोटर घुरघुरते. डिजिटल ड्रायव्हर त्या रेझोनन्सच्या पट्ट्यातून शांतपणे पार होतो. ए४९८८ आणि डीआरव्ही८८२५ हे छोटे ड्रायव्हर प्रिंटरसाठी सोडून द्या.

करंटचे स्विच लावताना पीक (कमाल) आणि आरएमएस (परिणामी) मूल्य यांत गल्लत होते. डीएम५४२ चे ४.२ अँपिअर हे पीक, म्हणजे आरएमएस ३. मोटरवर ३ अँपिअर लिहिलं असेल तर साधारणपणे ४.२ पीक बरोबर. खात्री नसेल तर एक पायरी खाली सुरू करा आणि तासभर चालवून मोटरचं तापमान पाहा. केसिंग ८० अंशांपर्यंत चालतं, पण मे महिन्यात गाळ्यातली हवाच ३५ अंशांवर असते, म्हणून आम्ही ७० ला थांबतो. उभं असताना करंट निम्मा करणारा स्विच चालू ठेवा.

मायक्रोस्टेप (एका पूर्ण स्टेपचे ड्रायव्हर किती भाग करतो तो आकडा) ८ ठेवा. एका फेरीत १६०० पल्स (कंट्रोलरकडून ड्रायव्हरला जाणारे इशारे), ५ मिमी लीडवर दर मिमीला ३२०, म्हणजे एक पल्स ०.००३ मिमीचा. तीन मीटर प्रति मिनिटाला सेकंदाला १६,००० पल्स लागतात. १६ लावले तर ३२,००० लागतील, आणि आर्डुइनो उनो बोर्डवर चालणाऱ्या जीआरबीएल या कंट्रोलर सॉफ्टवेअरची मर्यादा ३०,००० आहे. मग वेग कापावा लागतो. बदल्यात मिळतं काय? १६ वर एका मायक्रोस्टेपमागे होल्डिंग टॉर्कचा सुमारे १० टक्के हिस्सा येतो. १.९ न्यूटन-मीटरच्या मोटरला ०.१९. आपल्या टेबलाचं घर्षणच ०.१८ आहे. पहिला पल्स घर्षणातच जिरतो, टेबल हललेलं नसतं.

एन्कोडर (शाफ्ट खरंच किती फिरला ते मोजणारा सेन्सर) असलेली क्लोज्ड लूप स्टेपर झेडला जरूर घ्या, परवडत असेल तर. स्टेप चुकली तर ती अलार्म देऊन मशीन थांबवते. चुकीच्या निवडीने कमी पडलेला टॉर्क मात्र ती भरून काढत नाही.

पॉवर सप्लाय आणि पॅनेल

सप्लायचा करंट म्हणजे सगळ्या मोटरींच्या करंटची बेरीज गुणिले दोन तृतीयांश. ४.२ च्या तीन मोटरी: १२.६ चे ८.४ अँपिअर. ४८ व्होल्ट, १० अँपिअरचा एसएमपीएस (तयार डब्यातला स्विचिंग सप्लाय) घ्या आणि त्याचा छोटा स्क्रू फिरवून ४४-४५ वर आणा. प्लगला लावण्याआधी बाजूचा ११५/२३० चा स्विच २३० वर आहे ना ते पाहा. एवढ्या एका दुर्लक्षाने कोरा सप्लाय जातो.

टोरॉइडल ट्रान्सफॉर्मर थांबताना परत येणारी ऊर्जा जास्त चांगली पचवतो. ३० व्होल्टची सेकंडरी, ४०० व्हीए किंवा वर, ३५ अँपिअरचा ब्रिज. ३० गुणिले १.४१४ वजा दीड, म्हणजे ४१ व्होल्ट. लोड नसताना हे पंचेचाळिसापर्यंत चढतं, म्हणून ३४-३५ व्होल्टची सेकंडरी घ्यायची नाही. कपॅसिटर मायक्रोफॅरडमध्ये: ८०,००० गुणिले करंट भागिले व्होल्टेज, साधारण १६,४००. म्हणजे १०,००० चे दोन, ६३ व्होल्टचे. त्यांच्यावर २.२ किलोओहम, ५ वॉटचा रेझिस्टर कायमचा, नाहीतर बंद केल्यावरही बराच वेळ ते भरलेले राहतात.

प्रत्येक ड्रायव्हरला सप्लायपासून वेगळी जोडी न्या, एकातून दुसऱ्यात उड्या मारू नका. मोटरची केबल १ चौरस मिमीची, चार कोअर, शिल्डेड. मुंबईत लोहार चाळीच्या इलेक्ट्रिकल बाजारात मीटरवर मिळते, ग्लँडही तिथेच घ्या. शिल्ड फक्त पॅनेलच्या टोकाला अर्थ करा. स्पिंडलचा व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारा ड्राइव्ह) असेल तर त्याची केबल सिग्नलच्या तारांपासून हातभर दूर ठेवा. आणि वीज चालू असताना मोटरचा कनेक्टर कधीही काढू नका. सैल जीएक्स१६ कनेक्टर कटच्या धक्क्याने क्षणभर सुटला तरी ड्रायव्हर मरतो. चालू मशीनचं हँडल हाताने गरागरा फिरवणंही तितकंच वाईट.

मुंबईच्या हवेत पॅनेलला जाळीचा पंखा लावून बाहेरची हवा आत ओढणं नुकसानीचं. जून ते सप्टेंबर तीच हवा ओलावा, मीठ आणि मिलिंगचा बारीक बुरा आत आणते, आणि बुऱ्याचा एक कण दोन पिनांमध्ये बसला की पुरे. पॅनेल बंद ठेवा, ड्रायव्हर ५ मिमी ॲल्युमिनियमच्या पाठीवर पेस्ट लावून कसा, म्हणजे उष्णता पाठीतून बाहेर जाईल. केबल खालून आत घ्या, आत सिलिका जेलची पिशवी ठेवा, तारांच्या टोकांना फेरूल लावा. उघड्या तांब्याला पावसाळ्यात हिरवट थर धरतो आणि जोड तापू लागतो.

मोटर आणि स्क्रू जोडणारं कपलिंग मुंबईतल्या नागदेवी बाजारात घ्या: जॉ टाइप, पण क्लॅम्पने आवळणारं. नेमा २३ चा शाफ्ट ६.३५ किंवा ८ मिमी असतो, आणि बीके१२ बेअरिंग ब्लॉकसाठी तयार केलेल्या १६०५ स्क्रूचं टोक १० मिमीचं. कपलिंगचं बोअर त्याप्रमाणे मागा. ग्रब स्क्रूचं कपलिंग गोल शाफ्टवर घसरतं आणि दोष मोटरवर जातो.

तपासणी

टेबलाला ०.०१ मिमीचा डायल इंडिकेटर टेकवा, शून्य करा. मग टेबल १०० मिमी पळवून परत आणण्याचा प्रोग्राम रॅपिडमध्ये वीस वेळा चालवा आणि सुई वाचा.

फरक ०.१, ०.२, ०.३ असा ०.१ च्या पटीत आला तर मोटरने स्टेप गमावली आहे. स्टेपर घसरते तेव्हा चार पूर्ण स्टेपच्या पटीतच घसरते, आणि ५ मिमी लीडवर चार स्टेप म्हणजे नेमके ०.१ मिमी. अ‍ॅक्सिलरेशन निम्मं करून पाहा. तरी घसरली तर वेग कमी करा किंवा जिब सैल करा.

फरक प्रत्येक फेरीगणिक ०.००३ ने एकाच दिशेला सरकत असेल, वीस फेऱ्यांत ०.०६, तर मोटर निर्दोष आहे. स्टेप पल्सची कड उलटी आहे किंवा डायरेक्शन सिग्नल उशिरा बदलतोय, आणि प्रत्येक वळणावर एक पल्स चुकीच्या दिशेला मोजला जातोय. कंट्रोलरमध्ये पल्स इन्व्हर्ट करा. डायरेक्शन बदलल्यावर पल्सआधी किमान ५ मायक्रोसेकंद जाऊ द्या.

फरक कधी असतो कधी नसतो, आणि स्पिंडल चालू केल्यावरच येतो, तर तो नॉइज आहे. शिल्ड आणि अर्थ पाहा. शाफ्ट आणि कपलिंगवर मार्करने एक सरळ रेघ ओढून ठेवा. रेघ तुटलेली दिसली तर कपलिंग घसरलं. सुई शून्यावर परतते, पण दिशा बदलताना काही शतांश टेबल हलतच नाही, तर तो बॅकलॅश. थ्रस्ट बेअरिंगचा नट आवळा.

हे सगळं निस्तरलं की प्रत्येक अक्षाचा वेग मिनिटाला ५०० मिमीने वाढवत न्या, मोटर किंचाळून थांबेपर्यंत. त्या वेगाच्या ६० टक्क्यांवर कमाल मर्यादा टाका. ४,८०० ला थांबली तर २,९०० ठेवा. झेडची ही चाचणी हेड वर जाताना करा, आणि खाली टेबलावर लाकडी ठोकळा ठेवूनच.